गाजलेले बनाव, गावोगावच्या अफवा आणि आपण त्यांवर विश्वास का ठेवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. विचारणाऱ्यांत विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारे विद्यार्थी आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत, पुराच्या दिवसांत रात्रभर फोन धरून बसणारी नदीकाठची कुटुंबं आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी समजेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बनाव, अफवा, फसवणूक, अंधश्रद्धा हे सगळं एकच ना?

नाही. फरक लक्षात ठेवायचा तो एवढ्यासाठी की प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. बनाव कुणीतरी ठरवून रचतो. त्यामागे एक माणूस किंवा टोळी असते आणि ती शोधता येते. अफवेला असा एक कर्ता नसतो. ती तोंडातोंडी आकार घेते आणि सांगणाऱ्याला ती खरीच वाटत असते. फसवणुकीचा शेवट पैशात होतो. अंधश्रद्धा म्हणजे मनात आधीपासून बसलेली समजूत, आणि बाकीचे तिन्ही प्रकार तिचाच आधार घेतात.

काही बनाव निव्वळ गंमत म्हणून केलेले असतात. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीने स्वित्झर्लंडमधल्या झाडांवरून शेवयांसारखी स्पॅगेटी तोडतानाची चित्रफीत दाखवली. त्या काळी बऱ्याच ब्रिटिश घरांत स्पॅगेटी ओळखीची नव्हती, म्हणून अनेकांना ते खरं वाटलं. जे आपण कधी पाहिलेलं नाही, त्याबद्दल कुणीही काहीही सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, असं सहज होतं.

२. जगातले गाजलेले बनाव किती काळ टिकले? काही लगेच उघडे पडतात आणि काही पन्नास वर्षं चालतात, असं का?

आधी मुदती पाहा. इंग्लंडमधला ‘पिल्टडाउन मानव’, म्हणजे आदिमानवाची म्हणून पुढे आणलेली हाडं, १९१२ ते १९५३, म्हणजे ४१ वर्षं टिकला. कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी १९१७ मध्ये काढलेले ‘पऱ्यांचे फोटो’ खोटे असल्याची कबुली १९८३ मध्ये आली. लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाचा १९३४ चा प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे १९९४ मध्ये बाहेर आलं. उलट १९८३ मध्ये जर्मनीतल्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने २५ एप्रिलला जाहीर केलेल्या ‘हिटलरच्या डायऱ्या’ ६ मेपर्यंत नकली ठरल्या होत्या.

हा फरक बनाव किती हुशारीने केला त्यावर पडला नाही. मूळ वस्तू तपासणाऱ्याच्या हातात कधी गेली, त्यावर पडला. डायऱ्यांचा कागद जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागारामार्फत प्रयोगशाळेत गेला आणि कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन सापडलं. हे काम काही दिवसांचं होतं. पिल्टडाउनच्या मूळ हाडांना संशोधकांना क्वचितच हात लावता यायचा, बहुतेकांना प्लास्टरचे साचेच पाहायला मिळायचे. दात कानशीने घासल्याच्या बारीक खुणा (प्रश्न ३) साच्यावर कुठून दिसणार?

म्हणून कुठलाही दावा समोर आला की पहिला प्रश्न हा विचारा: मूळ वस्तू, मूळ व्हिडिओ, मूळ पत्र कुणी पाहिलं आहे? उत्तर ‘दुसऱ्या कुणीतरी तपासलं असेलच’ असं आलं, तर ते कुणीच तपासलेलं नाही असं धरून चाला. इथली बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नाकडे परत येतील.

३. अडाणी माणूस फसतो हे समजू शकतं. शास्त्रज्ञ आणि संपादक कसे फसले?

शिक्षणाने फसण्याची शक्यता संपत नाही. शिकलेला माणूस ज्या गोष्टीची वाट पाहत असतो, नेमकी तीच त्याच्यापुढे आणून ठेवली की तोही फसतो. पिल्टडाउनमध्ये माणसाच्या कवटीचे तुकडे आणि ओरांगउटान माकडाचा जबडा एकत्र ठेवले होते. दात कानशीने घासून माणसाच्या दातांसारखे सपाट केले होते. जबडा कवटीला जिथे जोडतो तो सांध्याचा भाग नेमका तुटलेला होता, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत हे दिसायचंच नाही. हाडं जुनी वाटावीत म्हणून रंगवली होती. जर्मनी आणि फ्रान्समध्ये आदिमानवाचे अवशेष सापडले होते, इंग्लंडमध्ये नव्हते. तिथल्या विद्वानांना ‘पहिला इंग्रज’ हवाच होता. पुढे हाडांतल्या फ्लोरिनचं प्रमाण मोजण्याची पद्धत आली आणि हाडं तेवढी प्राचीन नाहीत हे कळलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचे कानशीचे ओरखडे दिसले.

डायऱ्यांची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोलकी आहे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी तपासणी केली आणि अक्षर जुळतं असं सांगितलं. अडचण अशी की तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतले काही कागद त्याच बनावट करणाऱ्याने, कोनराड कुयाऊने, लिहिलेले होते. अक्षर जुळलं ते हिटलरचं नव्हे, कुयाऊचं कुयाऊशी. साप्ताहिकाने ९० लाखांहून जास्त मार्क मोजले होते आणि बातमी फुटू नये म्हणून तपासणी अगदी थोड्या लोकांत ठेवली होती. गुप्तता आणि घाई एकत्र आली की जाणकारही बाजूला पडतात.

भारतातलंही उदाहरण आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले व्ही. जे. गुप्ता हिमालयातल्या जीवाश्मांवर दोन दशकांहून अधिक काळ शोधनिबंध लिहीत होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी दाखवून दिलं की त्यातले काही जीवाश्म मोरोक्को आणि न्यूयॉर्क राज्यातले होते. दुर्गम डोंगरात जाऊन तीच जागा पुन्हा कोण पाहणार, या भरवशावर ते चाललं होतं.

४. १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला, तेव्हा आमच्या आईने स्वतः चमच्याने पाजलं होतं. ती खोटं बोलत होती का?

अजिबात नाही. चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. २१ सप्टेंबर १९९५ रोजी लाखो लोकांनी जे पाहिलं ते खरं होतं, दूध कुठे गेलं याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला गेला. त्यामुळे घरातल्या कुणाला ‘तुम्हाला भास झाला’ असं सांगू नये. त्यांना भास झालेला नव्हता.

काय घडतं ते घरी करून पाहता येतं. श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून देवाच्या मूर्तीऐवजी गुळगुळीत दगड, पितळी फुलदाणी किंवा काचेचा पेपरवेट घ्या.

पृष्ठभाग आधी धुऊन ओलाच राहू द्या. स्टीलचा चमचा दुधाने इतका भरा की दूध काठाच्या किंचित वर फुगलेलं दिसेल. चमचा वाकडा न करता त्याची कड पृष्ठभागाच्या पुढे आलेल्या भागाला हलकेच टेकवा आणि मग अगदी थोडा कलवा. पृष्ठताणामुळे दूध काठावरून दगडाकडे ओढलं जातं, दगडाच्या ओल्या अंगावर पातळ थर करून खाली उतरतं आणि चमचा रिकामा होत जातो. आता दुधात चिमूटभर हळद घालून तेच पुन्हा करा. दगडावरून खाली येणारी पिवळी रेघ स्पष्ट दिसेल. त्या वेळी केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनीही दिल्लीत दुधात रंग मिसळूनच हे दाखवलं होतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही.

प्रयोग फसला तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: चमचा काठोकाठ भरलेला नाही, पृष्ठभाग कोरडा आहे, किंवा त्यावर तेलाचा हात लागलेला आहे. तेलकट दगडावर दूध थर करत नाही, थेंब होऊन पडतं.

एकाच दिवशी देशभर हे कसं पसरलं, असंही विचारतात. पहाटेपासून फोन फिरले, दुपारपर्यंत टीव्हीवर रांगा दिसल्या. आणि इथे पडताळणी प्रत्येकाच्या हातात होती, घरातल्या चमच्याने करण्यासारखी. फक्त करणाऱ्याने चमच्याकडे पाहिलं, मूर्तीच्या पायथ्याशी पाहिलं नाही.

५. ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे’ असा मेसेज आला. पाठवायचा की नाही? खरा असला तर?

पाठवायचा नाही. मेसेज खरा असला तरी त्यावर काम करायचं ते पोलिसांनी, ग्रुपने नव्हे. हा विषय आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यातल्या लवंगा इथे उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी मारहाण झाली. ते पंढरपूरकडे निघाले होते आणि वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भटक्या समाजाची माणसं अनोळखी गावात जातात, वेगळा पोशाख करतात, मुलांशी बोलतात. अफवेतल्या संशयिताचं वर्णन त्यांच्यावर आपोआप बसतं. त्यामुळे हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने कुणाच्या जिवाशी खेळ होतो आहे, याचा विचार आधी करावा.

२०१८ मध्ये फिरलेल्या व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. तो पाकिस्तानातल्या कराचीमध्ये बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. तेवढा शेवटचा भाग कापून बाकीचा पसरवला गेला.

गावात खरंच संशयास्पद कुणी वाटलं तर ११२ वर फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. त्या माणसाला सावलीत बसवा, पाणी द्या, आधारकार्ड विचारायला हरकत नाही, पण हात लावू नका आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. त्या व्हिडिओनेच पुढची गर्दी जमते. जवळच्या गावाचं नाव घालून तोच मजकूर फिरतो आहे का तेही पाहा. ‘कालच मिरजेत’, ‘कालच कराडात’, ‘कालच फलटणमध्ये’ असं फक्त गाव बदलून येणारं वाक्य ही ठळक खूण आहे.

६. पावसाळ्यात ‘कोयनेतून अमुक लाख क्युसेक सोडलं’ असे मेसेज येतात. आकडा खरा की खोटा हे आपल्याला कसं कळणार?

बऱ्याच वेळा साध्या गुणाकाराने कळतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेक विसर्ग सलग २४ तास चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी जातं. उलट बाजूने, एक लाख क्युसेक दिवसभर म्हणजे ८.६४ टीएमसी. कोयना धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. आता ‘कोयनेतून दहा लाख क्युसेक’ असा मेसेज आला, तर हिशेब करा: दिवसाला ८६ टीएमसीच्या वर. सव्वा दिवसात भरलेलं धरण रिकामं व्हायला हवं. असं होत नाही.

यात तीन घोळ नेहमी होतात. पहिला, धरणांची अदलाबदल. अलमट्टी कर्नाटकात आहे, सांगलीच्या खाली. २०१९ च्या पुरात तिथून पाच लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग झाला होता आणि तो वाढवावा अशीच आपली मागणी होती, कारण खाली पाणी गेलं तर वरचा फुगवटा उतरायला मदत होते. अलमट्टीचा आकडा कोयनेच्या नावाने फिरला की सांगलीत घबराट होते. दुसरा घोळ आवक आणि विसर्ग यांचा. धरणात येणारं पाणी आणि सोडलेलं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. तिसरा, पायथा वीजगृहातून सोडलेलं पाणी आणि सहा वक्र दरवाजांतून सोडलेलं पाणी. ‘कोयनेतून विसर्ग सुरू’ एवढंच वाचून लोक सामान हलवायला लागतात, आणि तो फक्त वीजगृहातला २,१०० क्युसेक असू शकतो.

सांगलीकरांनी धरणाच्या आकड्यापेक्षा आयर्विन पुलाची पातळी पाहावी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुलाजवळचं पाणी एकट्या कोयनेचं नसतं. कराडला कोयना आणि कृष्णा एकत्र येतात, पुलाच्या थोडं खाली हरिपूरला वारणा मिळते आणि तिचा फुगवटा येतो, शिवाय मधल्या सगळ्या ओढ्यानाल्यांचं पाणी.

अधिकृत माहिती जलसंपदा विभागाच्या रोजच्या पत्रकात असते. त्यावर तारीख आणि वेळ, दोन्ही असतात. ज्या मेसेजवर वेळ नाही, तो कालचा आहे की २०१९ चा, हे सांगताच येत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १०७७. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: अफवांचा कंटाळा येऊन खऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष करू नका. तलाठी किंवा ग्रामसेवक घर सोडायला सांगत असतील, तर हिशेब करत बसायचं नाही, निघायचं.

७. पाटण भागात धक्का बसला की ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप’ असे मेसेज येतात. नासाने सांगितलं म्हणतात.

कुठल्या दिवशी, किती वाजता भूकंप होईल हे जगातली कोणतीही संस्था आज सांगू शकत नाही, नासाही नाही. वेळ दिली आहे एवढ्यानेच तो मेसेज खोटा ठरतो.

तरी तो पसरतो, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी अफवांचा अभ्यास केला. जिथे धक्का जोरात जाणवला पण नुकसान झालं नव्हतं, अशा भागांत ‘आणखी मोठा भूकंप येणार’, ‘पूर येणार’ अशा भयंकर अफवा फिरत होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे त्याचा अर्थ असा लावला: माणूस घाबरलेला असतो, पण आजूबाजूला भीतीचं कारण दिसत नाही. मग भीतीला शोभेल असं कारण त्याला हवं असतं. अफवा ते देते. पाटण, कोयनानगर, चांदोली परिसराचं नेमकं हेच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण घराघरांत आहे आणि लहान धक्के आजही बसतात. भीती खरी आहे, मेसेजमधली वेळ खोटी आहे. म्हणून तिथल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणण्यापेक्षा घराच्या भिंतीला तडा गेला आहे का, माळ्यावरचं जड सामान कुठे आहे, रात्री बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हे त्याच्यासोबत पाहिलेलं बरं.

८. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत. पाण्यावर तरंगतात. आम्ही निवडून फेकतो, बरोबर ना?

फेकू नका. ते पोषणयुक्त दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि १०० किलो तांदळात १ किलो या प्रमाणात मिसळतात. पिठापासून केल्यामुळे त्यांचा रंग आणि पोत थोडा वेगळा दिसतो, काही तरंगतात.

खात्री करायची असेल तर संशयित दाणा बत्त्याने कुटा. जखमेवर लावायचं बीटाडीन एक थेंब आणि पाणी दहा थेंब, असं मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि त्यातला थेंब कुटलेल्या दाण्यावर टाका. पिष्ट असेल तर निळा-काळा रंग येतो. प्लास्टिकवर रंग बदलत नाही. बीटाडीन न पातळ करता टाकलं तर ते मुळातच गडद असल्याने काही समजत नाही, म्हणून पाणी हवंच.

जाळून पाहण्याची चाचणी निरुपयोगी आहे, कारण तांदूळही जळतो आणि काळा होतो. भाताचा गोळा आपटला की उसळतो, हीसुद्धा पिष्टाच्या चिकटपणाची करामत आहे. ‘प्लास्टिकच्या अंड्या’चं तसंच: कवचाच्या आत असलेला पातळ पापुद्रा वाळला की कागदासारखा दिसतो. प्रत्येक खऱ्या अंड्यात तो असतो.

९. अनेक वर्षांनी एकदाच फुलणारं हिमालयातलं नागपुष्प, दिवाळीच्या रात्रीचा नासाने काढलेला भारताचा फोटो, युनेस्कोने ठरवलेलं सर्वोत्तम राष्ट्रगीत, नोटेतली उपग्रहाशी बोलणारी चिप: यातलं काहीतरी खरं असेल ना?

चारही खोटे आहेत. ‘नागपुष्प’ म्हणून फिरणारा फोटो समुद्रतळाशी राहणाऱ्या ‘सी पेन’ नावाच्या प्राण्याचा आहे. दिवाळीचा म्हणून फिरणारा रंगीत नकाशा अनेक वर्षांच्या रात्रीच्या दिव्यांची नोंद एकत्र करून केलेला आहे, त्यात वेगवेगळ्या काळातले दिवे वेगळ्या रंगांत दाखवले आहेत. युनेस्को राष्ट्रगीतांना क्रमांक देत नाही. २०१६ च्या दोन हजारांच्या नोटेत चिप नव्हती. उपग्रहाशी बोलायला वीज आणि अँटेना लागते, कागदात ती कुठून येणार?

पण ‘इतक्या वर्षांनी एकदाच फुलतं’ म्हणजे खोटंच, असंही समजू नका. आपल्या कासच्या पठारावरची टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकत्र फुलते आणि हे वनस्पतीशास्त्रात नोंदलेलं आहे. दोन्हींतला फरक असा की कारवी कासला जाऊन कुणीही पाहू शकतो. नागपुष्प कुठल्या गावाजवळ, कुठल्या महिन्यात फुलतं, हे मेसेजमध्ये कधीच नसतं.

१०. फोटो किंवा व्हिडिओ तपासायचा कसा? नेमक्या पायऱ्या सांगा.

फोटो असेल तर तो मोबाइलमध्ये उघडून गूगल लेन्सने शोधा. पहिलाच निकाल पाहून थांबू नका, सर्वांत जुनी तारीख असलेला निकाल शोधा. आजच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वी कुठे छापलेला असेल, तर प्रश्न मिटला. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या, दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट किंवा चेहरे नीट दिसतील असे, आणि ते शोधा. धूसर फ्रेम घेतली की काहीच सापडत नाही, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. पाट्यांची लिपी, एसटीचा रंग, पोलिसांचा गणवेश, रस्त्याची कोणती बाजू चालते आहे, हे पाहिलं तर व्हिडिओ महाराष्ट्रातला नाही हे कित्येकदा शोध न घेताही कळतं.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असेल तर तो मेसेज अनेक हातांतून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मजकूर कॉपी करून चिकटवला की खूण जाते, त्यामुळे खूण नाही म्हणजे विश्वासार्ह, असं नव्हे. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल असेल तर सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या पीआयबी फॅक्ट चेकला ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप क्रमांकावर विचारता येतं. गावच्या घटनांची शहानिशा ते करत नाहीत, त्यासाठी पोलीस ठाणंच.

११. मांडूळ, राइस पुलर, गुप्तधन यांत सुशिक्षित माणसंही लाखो रुपये घालवतात. नेमकं काय सांगितलं जातं?

मांडूळ बिनविषारी साप आहे, उंदीर खातो, शेपटी बोथट असल्याने दुतोंड्या वाटतो. त्याला कोट्यवधींचं मोल आहे, ही समजूत पूर्णपणे रचलेली आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे पकडणारा, विकणारा आणि विकत घेणारा तिघंही गुन्हेगार ठरतात.

‘राइस पुलर’ म्हणजे वीज पडलेलं, तांदूळ खेचणारं तांब्याचं भांडं, जे परदेशी कंपनी किंवा नासा प्रचंड किमतीला घेणार असतं. तांदळाच्या दाण्यांत लोखंडाचा कीस आणि भांड्यात चुंबक, एवढाच तो चमत्कार. पैसे भांड्यासाठी एकदम मागत नाहीत. आधी तपासणी करणाऱ्या ‘शास्त्रज्ञा’ची फी, मग किरणोत्सर्गापासून बचावाचा पोशाख, मग प्रयोगशाळेचा अहवाल, मग परवानगी. प्रत्येक हप्ता आधीच्या रकमेच्या मानाने लहान वाटतो आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देतो. मूळ भांडं मात्र त्याला कधी स्वतः तपासू देत नाहीत, ‘किरणोत्सर्ग आहे’ म्हणून. प्रश्न २ मधला, हाती न मिळणाऱ्या पिल्टडाउनच्या हाडांचा मुद्दा इथे जसाच्या तसा लागू होतो. तमिळनाडूतल्या रामर पिल्लैने १९९६ मध्ये पानांपासून पेट्रोल करून दाखवलं, तेव्हाही इंधन ढवळायच्या पोकळ काठीतून येत होतं. काठी कुणी हातात घेऊन पाहिली नाही तोवर ते चाललं. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली.

गुप्तधनाची बाब फार गंभीर आहे. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचा मृत्यू झाला. गुप्तधन काढून देण्याचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाने त्यांना विष दिलं, असं पोलिसांचं म्हणणं आहे. सुरुवातीला ती सामूहिक आत्महत्या वाटली होती. अशा प्रकरणांत घरातली माणसं आधीच तक्रार का करत नाहीत? आपणही लोभाने किंवा बेकायदा वाटणाऱ्या कामात पडलो, ही लाज त्यांना अडवते, आणि फसवणाऱ्याचा सगळा भरवसा त्या लाजेवर असतो. तक्रार करणाऱ्याला नावं ठेवू नका.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, त्यांच्या खुनानंतर झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.

१२. बनाव करणाऱ्याने स्वतः कबुली दिली तरी लोक मानत का नाहीत?

शेतात रातोरात उमटणारी वर्तुळं आपण फळी आणि दोरीने करत होतो, असं डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोन इंग्रजांनी १९९१ मध्ये सांगितलं आणि करूनही दाखवलं. तरी परग्रहावरच्या यानांवर विश्वास ठेवणारे उरलेच. कॉटिंग्लीच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी कागदी पऱ्या टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्याचं मान्य केलं, पण पाचवा फोटो खरा आहे असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

एक कारण पुनरावृत्तीचं आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसलं की तेच विधान पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. नंतरच्या अनेक प्रयोगांत तेच आढळलं. म्हणून खोटी गोष्ट खोडताना तीच दहा वेळा बोलू नये. दुसरं कारण नात्यांचं. समजूत सोडणं म्हणजे ती ज्यांच्यासोबत जपली त्या माणसांपासून वेगळं पडणं, आणि ते एकट्याला जड जातं.

१३. मग प्रत्येक नव्या गोष्टीवर संशयच घ्यायचा का?

नाही. १७९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेलं प्लॅटिपसचं कातडं पाहून इंग्लंडमधल्या जॉर्ज शॉ यांना कुणीतरी बदकाची चोच शिवून बसवली असावी अशी शंका आली होती. प्राणी खरा निघाला. कोयनेचा भूकंप होईपर्यंत दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित आहे असंच मानलं जात होतं. संशय घेऊन थांबायचं नाही, तपासायचं. तपासता येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून मेसेज तिथेच ठेवायचा.

१४. घरच्या ग्रुपवर काकांनी खोटा मेसेज टाकला. त्यांचा अपमान न करता कसं सांगू?

ग्रुपवर नको, खासगीत किंवा फोनवर सांगा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस मेसेजची नाही, स्वतःची बाजू लढवायला लागतो. आधी त्यांच्या काळजीला मान द्या, मग खरी माहिती सांगा, खोटं कुठे आहे ते एकदाच सांगा. मुलं पळवण्याच्या व्हिडिओबद्दल (प्रश्न ५) असं काहीतरी: ‘काका, मुलांची काळजी तुम्हाला वाटते ती बरोबरच आहे. हा व्हिडिओ मी शोधला, तो कराचीत जनजागृतीसाठी केलेला आहे, शेवटी मुलगा परत येतो. तेवढा भाग कुणीतरी कापलाय. मूळ लिंक पाठवते. ग्रुपवर तुम्हीच सांगितलंत तर सगळे ऐकतील.’ दुरुस्ती त्यांच्याच हातून झाली तर त्यांचा मान राहतो, आणि पुढच्या वेळी ते आधी तुम्हाला विचारतात.

१५. मी स्वतःच खोटा मेसेज पुढे पाठवून बसलो आहे. आता काय करू? गुन्हा दाखल होतो का?

लगेच ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. व्हॉट्सॲपवर ही सोय पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसांपर्यंत असते. पण नुसतं पुसून भागत नाही, कारण तोवर तो पुढे गेलेला असतो. ज्या ज्या ग्रुपवर पाठवला तिथे दुरुस्तीचा मेसेज टाका, आणि ज्यांनी तुमच्याकडून घेऊन पुढे पाठवला त्यांनाही तसंच करायला सांगा. दुरुस्तीत आधी खरं काय ते लिहा, मूळ खोटा फोटो पुन्हा जोडू नका.

कायद्याचं असं: समाजात भीती किंवा तेढ पसरेल अशी खोटी माहिती पसरवण्यावर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली कारवाई होऊ शकते. आपत्तीबद्दल घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५४ आहे, त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मेसेजमुळे कुणाला मारहाण झाली किंवा गर्दी जमली असेल, तर दुरुस्ती टाकून घरी बसू नका. ११२ वर फोन करून मेसेज कुठून आला आणि कुठे पाठवला ते सांगा, आणि तुम्हाला आलेला मूळ मेसेज पोलिसांना दाखवेपर्यंत फोनमधून पुसू नका.